आबांच्या मदतीचा सिनेमा

या जगात भांडणांनी जेवढं नुकसान झालं असेल त्याच्या दुप्पट मदतीने झालं आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि हे मत माझ्या सासऱ्यांनी एकट्याच्या बळावर तयार केलेलं आहे. त्यांना सगळं बेलापूर आबा म्हणायचं. गावात कोणाचं काही काम निघालं की ते काम करणाऱ्याला पहिली काळजी पडायची ती आबांना कळू न देण्याची. विहिरीवर मोटर बसवायची असो, म्हशीला औषध पाजायचं असो, की पोरीला बघायला पाहुणे येणार असोत, लोक कुजबुजत कामं उरकायचे. पण आबांना वासच यायचा. धोतराचा सोगा कमरेला खोचत ते हजर व्हायचे आणि म्हणायचे, "सरका, तुमी सरका. मी हाय ना." त्यानंतर त्या कामाचं जे काही व्हायचं त्याला पुढे कितीतरी दिवस गावात विषय म्हणून तोटा नसे.

माझी आणि त्यांची पहिली नीट भेट माझ्याच लग्नात झाली. लग्न त्यांच्या दारात होतं, मुलगी त्यांची होती, म्हणजे निदान त्या दिवशी तरी त्यांनी मांडवात उभं राहावं अशी कोणाचीही अपेक्षा असणार. मंगलाष्टकं संपली, भटजी कन्यादानाला बसले, आणि मुलीचा बाप कुठे दिसेना. शोधाशोध झाली तेव्हा आबा आमचं वऱ्हाड घेऊन आलेल्या लॉरीखाली सापडले. ड्रायव्हर जरा आडवा झाला होता, तर त्याला झोपू द्यावं आणि तोवर आपणच चाक बदलून ठेवावं असं त्यांच्या मनात आलं होतं. चाक पंक्चर नव्हतं. ते नुसतं मळकट होतं. आबांनी चांगलं चाक काढून ठेवलं, बदली चाक बसवायला घेतलं, तेव्हा त्यात हवाच नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तोवर काढलेले नट वऱ्हाडातल्या पोरांनी पळवले होते. ते तसेच ग्रीसने बरबटलेल्या हातांनी कन्यादानाला येऊन बसले. माझ्या उपरण्यावर त्या दिवशी उमटलेली बोटं कोणत्याही साबणाने गेली नाहीत, आणि आमचं वऱ्हाड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बेलापुरातच जेवत राहिलं. आबा मात्र खुशीत होते. "बघा जावईबापू," ते म्हणाले, "चाकाच्या निमित्तानं तुमची मान्सं येक दिवस जास्ती ऱ्हायली का न्हाई?"

नगरला मी हायस्कुलात शिकवायचो. आबा आमच्याकडे आले की आमच्या घरमालकांची झोप उडायची, आणि त्याला कारणही तसंच होतं. पहिल्याच मुक्कामात आबांना त्यांची सायकल धुळीने माखलेली दिसली. त्यांनी ती मायेने तेलाने पुसून काढली. साखळी पुसली, दांडी पुसली, चाकांच्या कडा पुसल्या आणि ब्रेकची रबरंही पुसली. घरमालक सकाळी कापड बाजारच्या उतारावर निघाले ते कोणत्याही दुकानाशी न थांबता एका दुकानाच्या थेट गादीवर जाऊन थांबले. दुकानदाराने विचारलं, "काय दाखवू?" घरमालक त्या धक्क्यातही सभ्य होते, त्यांनी एक टॉवेल घेतला.

पण सगळ्यांत मोठी मदत त्यांनी केली ती शिंगणापूरला. त्यांचा एक मित्र तिथलं बिऱ्हाड हलवून सोनईला जाणार होता. आबा आदल्या रात्रीच बैलगाडी जुंपून निघाले आणि सकाळी त्याच्याकडे पोचले. आता शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, कडी नाही, कुलूप नाही, शनिदेवाच्या भरवशावर सगळं उघडं. आबा मित्राच्या घरात म्हणून शेजारच्या घरात शिरले. घरातले कर्ते लोक शेतात गेलेले, एक म्हातारी तेवढी होती. आबांनी जातं उचललं, हंडे उचलले, ट्रंक उचलली, उतरंडीची मडकी एकेक करून गाडीत लावली. म्हातारीला वाटलं, ल्योकानंच माणूस धाडला असेल. ती बिचारी आबांना हात देऊ लागली. गाडी भरल्यावर शेवटची टोपली आबांच्या हातात ठेवून तिने विचारलं, "बाबा, आमचा संसार कुठं चाललाय म्हनायचा?" तिथे आबांना पहिल्यांदा शंका आली. सगळं सामान परत जागच्या जागी लावायला त्यांना संध्याकाळ झाली, आणि तोवर मित्र भाड्याच्या गाडीने सोनईला पोचलाही होता.

मी हे हसत सांगतो आहे, पण आबांची मदत नाकारणं सोपं नव्हतं. "राहू द्या" म्हटलं की त्यांचा चेहरा असा उतरायचा की आपणच काहीतरी वाईट केलं असं वाटायचं. त्यांना मोबदला नको असायचा, आभार नको असायचे, चहासुद्धा नको असायचा. दुसऱ्याच्या अंगावर ओझं दिसलं की त्यांचे हात आपोआप पुढे व्हायचे. सासूबाई म्हणायच्या, "ह्यांच्या हातांना दम न्हाई. झोपंत बी माझी उशी नीट करत्यात आन् मी जागी व्हती." त्या चिडून बोलायच्या, पण त्यांच्या बोलण्यात एक चोरटा अभिमान असायचा. मला तो ऐकू यायचा.

आबांना दोनच मुलं. थोरली कुसुम, म्हणजे माझी बायको, आणि तिच्या पाठचा सुधाकर. आबांनी मदत केली नाही अशी एकच गोष्ट त्या घरात होती, ती म्हणजे सुधाकरचं शिक्षण, कारण ते आबांच्या हाताबाहेरचं होतं. मुंबईत टेलिव्हिजन सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते आणि सुधाकर तिथे चिकटला होता. काय करतो असं विचारलं की आबा सांगायचे, "यंत्रातल्या मान्सांना कुटं हुबं ऱ्हायचं ते सांगतो." खरं तर तो तिथल्या एका साहेबांच्या हाताखाली पडेल ते काम करत होता. मग एक दिवस त्याचं नशीब उघडलं. एका कुटुंबाच्या गमतीजमतींची मालिका चालू होती, त्यातला एक भाग साहेबांनी त्याला स्वतःच्या जबाबदारीवर करायला दिला. हा भाग साहेबांना पसंत पडला तर पुढचेही त्याचे. नाही पडला तर पुन्हा वायरी गुंडाळायच्या.

गोष्ट साधी होती. एका म्हाताऱ्याला डॉक्टरांनी गोड बंद केलेलं असतं. घरात दोन मुलगे, दोन सुना. थोरली सून कडक, ती लाडवांचा डबा लपवते. धाकटी सून मायाळू, ती गुपचूप लाडू देते. म्हातारा घरभर डब्याच्या मागावर. सुधाकरला या गोष्टीसाठी राहतं, वापरातलं, धुराने काळवंडलेलं घर हवं होतं, आणि असं घर त्याने जन्मापासून पाहिलेलं होतं. तो मुंबईहून मंडळी घेऊन बेलापूरला आला. दोन दिवसांचं काम. पहिल्या दिवशी ओसरी आणि स्वयंपाकघर झालं, धाकट्या सुनेची सगळी दृश्यं निघाली. आबांना दिवसभर लांब ठेवण्यासाठी सुधाकरने त्यांना गावातून हवी-नको ती वस्तू आणायला पिटाळलं होतं. संध्याकाळी कॅमेरेवाला सामान आवरताना सहज बोलून गेला, "भिंती फारच काळ्या आहेत हो." तो बोलला, मंडळी श्रीरामपूरला मुक्कामाला गेली, आणि आबा मात्र तिथेच उभे राहिले.

तुम्हांला पुढचं कळलं असेलच. मुलगा एवढी मुंबईची माणसं घेऊन आलाय, साऱ्या मुंबईला आपलं घर दिसणार, आणि भिंती काळ्या! आबांनी चुना भिजवला, भावकीतली चार माणसं गोळा केली आणि सकाळ व्हायच्या आत सगळं घर पांढरं शुभ्र करून टाकलं. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. दिवाळीलासुद्धा एवढी सफेदी कधी झाली नव्हती. सकाळी कुसुम आणि मी नगरहून पोचलो तेवढ्यात सुधाकर आला, त्याने दारातून आत पाहिलं, आणि तो पायरीवर डोकं धरून खाली बसला. आबांना वाटलं, पोराला आनंदाने भरून आलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आरं, त्यात काय येवढं. आपलंच काम हाय."

सुधाकर उठला आणि कामाला लागला. नटांचा संध्याकाळी पुण्याला नाटकाचा प्रयोग होता, पुन्हा यायला ना वेळ होता ना फिल्म. त्याने त्या दिवशी माजघरातली थोरल्या सुनेची दृश्यं पांढऱ्या भिंतींसमोर उरकली. शेवटचा, सगळ्यांनी मिळून करायचा प्रसंग राहूनच गेला. जाताना त्याने आबांना वाकून नमस्कार केला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, त्यांना काही सांगू नका." मी नाही सांगितलं. कुसुमनेही नाही, आणि कुसुमच्या पोटात गोष्ट राहते म्हणजे काय असतं ते मी जाणतो.

महिन्याभराने सुधाकरचा निरोप आला. त्याने कच्ची जुळणी केली होती. म्हणजे काढलेले तुकडे एकामागोमाग चिकटवायचे, जिथे काही काढायचं राहिलंय तिथे नुसती काळी पट्टी जोडायची, आणि आवाज तर अजून वेगळ्याच फितीवर. सोमवारी ते साहेबांसमोर लावायचं होतं. पण त्याच्या बरोबरच्या लोकांनी ते इतक्या वेळा पाहिलं होतं की कोणालाच आता हसू येत नव्हतं. हे विनोदी आहे की नाही हेच त्याला कळेनासं झालं होतं. म्हणून ज्यांना काहीच माहीत नाही अशा चार माणसांसमोर रविवारी ते एकदा लावून बघायचं, असं त्याने ठरवलं. साखर कारखान्यात त्याचा एक मित्र होता, तो कामगारांना माहितीपट दाखवायचं लहान यंत्र आणणार होता. निरोपाच्या शेवटी होतं, आबांना आयत्या वेळी सांगा.

आयत्या वेळी सांगायचं म्हणून कुसुमने ते शनिवारी निरोप धाडून सांगितलं. रविवारी आम्ही पोचलो तर दारापर्यंत सतरंज्या पसरलेल्या, माजघराच्या नव्याकोऱ्या भिंतीवर धुतलेली चादर ठोकलेली, आणि चार माणसांच्या जागी अर्धं गाव. आबांनी घरोघर जाऊन आवतण दिलं होतं. आमच्या लग्नानंतर एवढी माणसं त्या घरात मी प्रथमच पाहत होतो. सुधाकरचा चेहरा पाहून मी त्याला म्हणालो, "चार माणसं हवी होती ना? यातली कोणतीही चार निवड." तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर काय होईल, हेच त्याच्या डोळ्यांत होतं.

दिवे मालवले आणि यंत्र घरघरू लागलं. चादरीवर आकडे उलटे धावले, एक फुली आली, आणि मग आमचीच ओसरी! लोकांनी टाळ्या वाजवल्या. घर कोणी पाहिलं नव्हतं असं नाही, ते त्याच घरात बसले होते. पण चादरीवर दिसलेल्या घराची मजा वेगळी असते. सुधाकर यंत्राशेजारी उभा राहून सगळ्यांची वाक्यं स्वतःच बोलत होता, सुनेची बारीक आवाजात आणि म्हाताऱ्याची जाड आवाजात. पण घरघरीपुढे त्याचं फारसं कोणाला ऐकू जात नव्हतं. ते पाहून आबांनी मदतीला सुरुवात केली. चादरीच्या बाजूला उभे राहून ते सांगू लागले, "हा म्हातारा. ही त्याची सून. आता बघा, डबा काढती." मधेच काळी पट्टी आली तेव्हा सगळे यंत्राकडे वळून बघायला लागले. "काळजी करू नका," आबा म्हणाले, "हितं अजून काढायचं हाय. तवर मी सांगतो." आणि ते तिथली गोष्ट मनानेच सांगायला लागले. त्या गोष्टीत बैल होता. सुधाकरच्या गोष्टीत बैल नव्हता.

म्हातारा काळ्या स्वयंपाकघरातून उठला आणि दार ओलांडून पांढऱ्या फटफटीत माजघरात आला. मी डोळे मिटून घेतले. लोक हसले. ते हसू मला जरा निराळं वाटलं, म्हणून मी डोळे उघडले. म्हातारा पुन्हा काळ्यात गेला, धाकटीने पदराखालून लाडू दिला, आणि बायकांच्या बाजूने एक उसासा ऐकू आला. तो परत पांढऱ्यात आला, थोरली कमरेवर हात ठेवून उभी. पुढे बसलेला रंगनाथ नावाचा शेजारचा शेतकरी मांडीवर थाप मारून म्हणाला, "आसंच आस्तं! थोरल्याची बाजू बघा कशी झकपक, आन् ताटात म्हाताऱ्याला काय? कोरडी भाकर!"

"आन् धाकट्याकडं चुन्याला पैका न्हाई, पन सून लाखाची," मागून कोणीतरी म्हणालं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे भाऊ वेगळे निघाले की घराच्या मधोमध वाटणी होते. एका बाजूला चुना, दुसरी तशीच. एका दारावर रंग, दुसऱ्यावर धूर. असं अर्धं काळं अर्धं पांढरं घर गावात दर आळीत एक तरी असतं. लोकांनी कोणाला काही न विचारता समजून घेतलं होतं की या घरात वाटणी झाली आहे आणि म्हातारा दोन्हीकडे खेपा घालतोय. लाडवाचा डबा आता नुसता डबा राहिला नव्हता. म्हातारा उंबरा ओलांडायला लागला की लोक हसायचे, आणि ओलांडून झालं की गप्प व्हायचे. सुधाकर वाक्यं बोलायचा थांबला होता. तो चादरीकडे पाहतच नव्हता. अंधारातल्या त्या सगळ्या तोंडांकडे पाहत होता.

पण वाटणी हा शब्द आबांच्या कानावर गेला आणि ते उसळले. ते उजेडाच्या झोतातच येऊन उभे राहिले, त्यामुळे म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा त्यांच्या सदऱ्यावर आला. "वाटनी? आमच्या घरात वाटनी? कोन म्हंतं? येकच घर हाय ह्ये!"

"मंग आर्धं काळं आन् आर्धं पांढरं कसं आबा?" रंगनाथने सरळ मनाने विचारलं.

"आरं, ते तसं न्हाई. पयल्या दिवशी काळं हुतं. मंग मी रातोरात सफेदी..."

आणि ते थांबले. त्या झोतात त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. आपण काय केलं ते त्यांना त्या क्षणी कळलं. पायरीवर डोकं धरून बसलेला मुलगाही त्यांना त्याच क्षणी पुन्हा दिसला असणार. त्यांनी सुधाकरकडे पाहिलं, मग हात जोडल्यासारखे पुढे घेतले आणि बाजूला होऊन भिंतीशी बसले. एवढ्या वर्षांत काम अर्धवट सोडून बसलेले आबा मी कधी पाहिले नव्हते. चादरीवर म्हातारा लाडू शोधत राहिला, आणि मग शेवटची काळी पट्टी लागली.

लोकांना ती शेवटची आहे हे कळेना. सगळे वाट पाहत बसले. अखेर रंगनाथच म्हणाला, "सुधाकर, पुढचं लाव की रं. म्हातारा शेवटी ऱ्हातो कुनाकडं?"

सुधाकरने दिवा लावला. "अजून काढायचं आहे," तो म्हणाला, पण त्याचा आवाज बदललेला होता.

माणसं पांगल्यावर आबा दिसेनात. ते परसात गोठ्याशी उभे होते, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून. सुधाकर त्यांच्याकडे गेला. मी दारातच थांबलो. जावयाने ऐकू नये असं काही असलं तरी माझे पाय तिथून हलले नाहीत.

"मी बिघडवलं व्हय रं?" आबांनी विचारलं.

सुधाकर खोटं बोलेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "बिघडलं होतं, आबा. महिनाभर मला झोप नव्हती."

"मंग बोलला का न्हाईस?"

"काय बोलणार? तुम्ही माझ्यासाठी रातोरात घर रंगवलंत." आबा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग तो म्हणाला, "आज ऐकलंत ना लोक काय म्हणाले? मी लिहिलं होतं त्यापेक्षा चांगलं आहे ते. साहेबांना उद्या हेच सांगणार आहे."

आबांना ते पटलं नाही. मुलगा आपलं मन राखतोय असं त्यांनी धरून घेतलं. सोमवारी साहेबांनी तो भाग पाहिला, वाटणीची कल्पना ऐकली, आणि शेवटचा प्रसंग काढायला पुन्हा बेलापूरला जायची परवानगी दिली, हे कळल्यावरसुद्धा त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी मदत करायचीच सोडून दिली. शेजारी गवताची गंजी रचायला लागले तर आबा ओट्यावर बसून नुसते बघायचे. हात पुढे व्हायचे आणि मग आपले आपण मागे यायचे. पहिले दोन दिवस गावाने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग गावालाच करमेना. रंगनाथ मुद्दाम मोडका नांगर घेऊन त्यांच्या दारासमोरून गेला. आबा म्हणाले, "सुताराकडं ने बाबा." सासूबाईंनी कुसुमला सांगितलं, "बाई, ह्यो मानूस आसा गप बसला की मला घर खायाला उठतंय." एरवी त्यांना शिव्या घालणारी ती बाई डोळ्यांना पदर लावून बसली होती.

सुधाकर आला तो थेट आबांसमोर जाऊन बसला. "आबा, मदत पाहिजे," तो म्हणाला.

"माझी?" आबांनी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आहे का म्हणून.

काम असं होतं की शेवटच्या प्रसंगात एकाच खोलीत दोन्ही बाजू दिसायला हव्या होत्या. अर्धी भिंत पांढरी, अर्धी काळी, मधे सरळ रेघ. आणि आबांच्या कृपेने घर तर आता सगळंच पांढरं होतं. मुंबईच्या रंगवाल्याने ते रंगाने काळं केलं असतं, पण सुधाकरला रंग नको होता, वीस वर्षांचा धूर हवा होता. आणि तो आठवड्याभरात हवा होता.

आबा उठले. त्यांनी आधी विचारलं, "हात लावू का?" सुधाकर म्हणाला, "लावा." पुढच्या आठवड्यात त्या घरात जे झालं त्याला सासूबाई जन्मभर धुरोळा म्हणत राहिल्या. आबांनी पांढऱ्या राहायच्या बाजूवर ओली पोती टांगली आणि दुसऱ्या बाजूला ओल्या बाभळीची चूल पेटवली. गोवऱ्या जाळल्या, उसाचं पाचट जाळलं, एकदा सासूबाईंचा जुना केरसुणीचा बुडखाही जाळला. स्वतः खोकत खोकत ते फळकुटाने धूर भिंतीकडे हाकत बसायचे. काळ्या बाजूला त्यांनी एक कॅलेंडर मुद्दाम टांगून ठेवलं आणि शेवटी ते काढलं, तेव्हा खाली एक पांढुरका चौकोन निघाला, खरोखरीच्या जुन्या भिंतीवर निघतो तसा. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सुधाकर भिंतीला नाक लावून तो चौकोन पुन्हा पुन्हा बघत राहिला. सासूबाई म्हणाल्या, "पांढरं बी तुमीच केलं, काळं बी तुमीच केलं. आता मला तेवढी सोडा." आबा खूप दिवसांनी हसले. दात तेवढे पांढरे दिसले.

प्रसंग निघाला त्या दिवशी आबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. हात मोकळे ठेवायची त्यांना धास्ती वाटत होती. गोष्टीतला म्हातारा कोणाकडेच राहत नाही. तो आपली बाज ओढत ओढत बरोबर रेघेवर आणतो, डोकं पांढऱ्यात आणि पाय काळ्यात ठेवून आडवा होतो, आणि मग दोन्ही बाजूंनी दोन सुना, एकमेकींना न दिसता, एकेक लाडू त्याच्या उशाशी ठेवून जातात. बाज जड होती, म्हाताऱ्या नटाला ती हलेना. सुधाकर म्हणाला, "आबा, जरा धरता का?" आबा बाणासारखे उठले. त्यांनी ती बाज अशी नेमकी रेघेवर ठेवली की कोणाला परत हात लावावा लागला नाही.

सुधाकरला मालिका मिळाली. तो पुरा झालेला भाग मुंबईच्या घरांतून दिसला म्हणतात, आणि लोक हसले, आणि शेवटी थोडे गप्पही झाले म्हणतात. आम्ही तो पाहिला नाही. मुंबईचं टेलिव्हिजन तेव्हा नगर जिल्ह्यापर्यंत पोचत नव्हतं. आम्ही पाहिला तो आकड्यांचा, फुल्यांचा, काळ्या पट्ट्यांचा आणि आबांनी मधे बैल घातलेला. मला तोच आवडतो.

पुढे सुधाकरला कामातून सवड मिळेनाशी झाली. गणपतीला यायचा, मग गणपतीलाही जमेना. आम्हीही नगरला आमच्या पोराबाळांत अडकलो. आबांनी त्या भिंतीला पुन्हा चुना लावला नाही. पोराला परत लागली तर, म्हणायचे. मदतीला मात्र ते पुन्हा लागले होते, आणि गाव पुन्हा कुजबुजत कामं उरकायला लागलं होतं.

एका दिवाळीच्या आधी मी एकटाच गेलो होतो तेव्हा गावात नवीन आलेले ग्रामसेवक घरपट्टीच्या कामाला आले. माजघरात पाऊल टाकताच त्यांनी ती भिंत पाहिली आणि समजूतदारपणे मान हलवून म्हणाले, "वाटण्या झाल्या वाटतं?" आबा या शब्दाला उसळतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उसळले नाहीत.

सासूबाई गहू निवडत होत्या. सुपातून मान वर न करता त्या म्हणाल्या, "वाटनीला घरात मान्सं लागत्यात, भाऊसाहेब. हितं आमी दोघंच."

आबा पुढे झाले आणि त्यांनी ग्रामसेवकांच्या हातातली पिशवी मदत म्हणून घेतली. मग ती कुठे ठेवायची ते त्यांना कळेना, आणि ते ती तशीच छातीशी धरून उभे राहिले.